दिगंशाची भाषा : शालेय गणितातील दिशाकथनाचा एक विचार

बालभारतीने २०१८ साली लागू केलेल्या इयत्ता दहावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात, त्रिकोणमितीच्या प्रकरणात, दीपगृह व जहाज ह्यांचे एक उदाहरण आहे. दीपगृहाची उंची ९० मीटर. त्यावरून पाहणाऱ्यास जहाजाकडे पाहताना ६० अंशांचा अवनत कोन करावा लागतो. तर जहाज दीपगृहापासून किती अंतरावर आहे? ९० ला ३ च्या वर्गमुळाने भागले की सुमारे ५२ मीटर हे उत्तर मिळते. गणित निर्दोष आहे. तथापि दीपगृहाच्या पायथ्यापासून ५२ मीटरांवर आलेले जहाज बहुधा खडकावर चढलेले असणार, आणि त्याच्या अंतराची चौकशी करण्याची वेळ टळून गेलेली असणार. ३०, ४५ व ६० ह्या तीन सोयीच्या कोनांपलीकडे जावयाचे नाही असे एकदा ठरल्यावर समुद्रालाही त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते, हे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखी गोष्ट निराळी आहे. जहाज किती अंतरावर आहे हे विचारले जाते. ते कोणत्या दिशेला आहे, हे विचारलेच जात नाही.

ही उणीव एका उदाहरणापुरती नाही. शालेय त्रिकोणमितीने उन्नत कोन आणि अवनत कोन ह्या दोन संज्ञा स्वीकारल्या व त्या रूढ केल्या. दोन्ही कोन ऊर्ध्व प्रतलातील आहेत. झाड, मनोरा, पतंग, इमारत ह्यांच्याकडे मान वर किंवा खाली करून पाहणारा विद्यार्थी तेथे भेटतो. मान उजवीकडे किंवा डावीकडे वळवणारा भेटत नाही. वस्तुतः मराठीच्या ज्योतिषविषयक परिभाषेत ह्या दोन गोष्टी जोडीने येतात. आकाशातील ताऱ्याचे स्थान सांगताना उन्नतांश आणि दिगंश ही दोन्ही पदे लागतात; एक क्षितिजाच्या वर किती हे सांगते, दुसरे क्षितिजावर कोठे हे सांगते. शालेय गणिताने ह्या जोडीतील एकाला घरात घेतले आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले.

उंबऱ्याबाहेर ठेवलेली दिशा विद्यार्थ्याला भेटते ती अन्यत्र. भूगोलात ती नकाशाच्या कोपऱ्यातील बाणाच्या रूपाने येते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ती कोड्याच्या रूपाने येते : कोणी एक मुलगा उत्तरेकडे ४ किलोमीटर चालत जातो, उजवीकडे वळून ३ किलोमीटर जातो, तर तो मूळ ठिकाणापासून किती दूर आहे व कोणत्या दिशेला आहे? ह्या कोड्यांतील वळणे बहुधा काटकोनी असतात. पुढे शाळा सुटून तंत्रनिकेतनात सर्वेक्षणाचा विषय आला म्हणजे, होकायंत्रावर उत्तरेपासून ३६० अंशांपर्यंत मोजलेला पूर्णवृत्त कोन आणि उत्तर अथवा दक्षिण टोकापासून पूर्व-पश्चिमेकडे मोजलेला चतुर्थांशातील कोन, अशी दोन रूपे त्याच्यासमोर एकदम इंग्रजीतून उभी राहतात. केंब्रिजच्या माध्यमिक अभ्यासक्रमात हाच विषय गणिताच्याच तासाला, तीन अंकी कोनाच्या स्वरूपात शिकवला जातो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची अडचण येथे गणिताची नसून भाषेची आहे, आणि ती अडचण त्याच्या भाषेच्या दारिद्र्यातून आलेली नाही, हे दाखवणे अगत्याचे आहे.

दिशांची नावे प्रथम पाहावीत. संस्कृतातील ही नावे पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरावरून पडलेली आहेत. प्राची म्हणजे समोरची. पूर्व म्हणजे पुढची, आधीची. पश्चिम म्हणजे मागची. दक्षिण म्हणजे उजवी. मराठीत ह्यांपैकी काही अर्थ काळाच्या क्षेत्रात जिवंत राहिले (पूर्वी, पश्चात, पूर्वार्ध) आणि अवकाशाच्या क्षेत्रात विझले. उजवा हे दक्षिणचे रूप तर प्रदक्षिणा ह्या एका शब्दात थिजून राहिले आहे. तरीही प्राथमिक शाळेतील पाठ तीच जुनी मांडणी पुन्हा शिकवतो : उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. मराठी मुलाचा शून्यबिंदू अशा रीतीने पूर्व हा असतो. त्याला परंपरेचाही आधार आहे. सिद्धान्तग्रंथांतील अग्रा ही संज्ञा उदयबिंदूचे अंतर पूर्वबिंदूपासूनच मोजते. आणि सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारात शंकूची छाया वर्तुळात शिरते व बाहेर पडते त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्वापर असते.

आता हाच मुलगा नववीत निर्देशक भूमितीपाशी येतो. तेथे धन क्ष-अक्ष उजवीकडे, म्हणजे नकाशाच्या मांडणीत पूर्वेकडे, असतो. पुढे त्रिकोणमितीत कोन ह्याच अक्षापासून, पण घड्याळाच्या काट्यांच्या उलट, मोजला जातो. नाविक कोन उत्तरेपासून आणि घड्याळाप्रमाणे मोजतो. ह्या दोन रीतींचा विरोध इतर देशांतील विद्यार्थ्यांनाही जड जातो. परंतु मराठी विद्यार्थ्याजवळ तिसरी एक रीत पाठ असते, आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांनी कधी लक्ष दिलेले दिसत नाही. पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य : अष्टदिशांचा हा परंपरागत पाठ पूर्वेपासून सुरू होतो आणि घड्याळाप्रमाणे फिरतो. आरंभबिंदूच्या बाबतीत तो निर्देशक भूमितीच्या बाजूचा आहे. फिरण्याच्या बाबतीत तो नाविकाच्या बाजूचा आहे. ज्याला हा पाठ येतो त्याला दोन्ही पद्धतींचा अर्धा अर्धा भाग आधीच येत असतो. पाठातील दिशेच्या क्रमांकात एक मिळवून ४५ ने गुणले की त्या दिशेचा उत्तरेपासूनचा कोन मिळतो : आग्नेय दुसरी, म्हणून १३५, पश्चिम पाचवी, म्हणून २७०, उत्तर सातवी, म्हणून ३६०, ईशान्य आठवी, म्हणून ४०५, अर्थात एक फेरी वजा जाता ४५. इतका सरळ दुवा हाताशी असताना तो पाठ केवळ सामान्यज्ञान म्हणून घोकून घेतला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

ह्या पाठाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्रजीतील उपदिशांची नावे दोन मुख्य दिशा जोडून झालेली असल्यामुळे त्या दोहोंच्या मधल्या आहेत हे नावावरूनच कळते. आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य ही नावे अग्नी, निर्ऋती, वायू व ईशान ह्या दिक्पालांवरून आली. त्यांत मधलेपणाची खूण नाही. म्हणून वायव्य व नैर्ऋत्य ह्यांची अदलाबदल दहावीपर्यंत होत राहते आणि सोळा दिशांपर्यंत ह्या नावांचे विभाजन नेणे अवघड होते. उपाय नव्या नावांत नाही, अंशांत आहे. ‘उत्तर ३०° पूर्व’ असे म्हटले की दिक्पालांची गरज उरत नाही आणि विद्यार्थ्याच्या जिभेवर सर्वेक्षकाची भाषा आपोआप येते. (उत्तर ह्या शब्दाचा दुहेरी अर्थ मात्र सांभाळावा लागतो, उत्तरसूचीत ‘उत्तर : उत्तर’ असे छापलेले पाहून एखाद्या चिकित्सक मुलाने विराम घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.)

नावांहून विभक्तीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव घेऊ. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काल्हेरच्या पुढे, ते लागते. पूर्णा म्हटले की पुष्कळांना परभणीकडील रेल्वेचे जंक्शन आठवते, विदर्भातील नदी आठवते. म्हणून ह्या गावाला नेहमीच ‘भिवंडीजवळचे’ हे विशेषण घेऊन वावरावे लागते, म्हणजे स्वतःची ओळख दुसऱ्या बिंदूवरून द्यावी लागते. दिशाकथनाचे तत्त्वही हेच आहे. पूर्णा भिवंडीच्या नैर्ऋत्येस आहे. भिवंडी पूर्णा गावाच्या ईशान्येस आहे. येथे षष्ठी हा पाहणाऱ्याचा बिंदू आणि -स हे पाहिल्या जाणाऱ्याचे स्थान. ‘नैर्ऋत्येस’ म्हटल्यास स्थान कळते, ‘नैर्ऋत्येकडे’ म्हटल्यास गती कळते, ‘नैर्ऋत्येकडून’ म्हटल्यास उगम कळतो. ‘नैर्ऋत्येकडील’ हे रूप मात्र दुटप्पी आहे : नैर्ऋत्येकडील गाव त्या दिशेला असते, नैर्ऋत्येकडील वारा त्या दिशेहून येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येहून निघून ईशान्येकडे जातात; नैर्ऋत्येकडे निघालेली होडी नैर्ऋत्येसच पोचते. वाऱ्याचे नाव उगमावरून आणि प्रवासाचे नाव गंतव्यावरून, असा हा भेद आहे. दोहोंतील अंतर नेमके १८० अंश. ज्याला सर्वेक्षक पश्चकोन म्हणून वेगळा शिकवतो, तो मराठी प्रत्ययांत आधीपासूनच आहे. भूगोलाच्या तासाला तो समजतो आणि गणिताच्या तासाला त्याची आठवण कोणी करून देत नाही.

पाठ्यपुस्तकी भाषांतर ह्या ठिकाणी घोटाळा करते. इंग्रजीतील रचना शब्दशः उचलून ‘ब चा अ पासून उत्तरेपासून कोन’ अशा धर्तीची वाक्ये घडवली जातात. तीत दोन वेळा ‘पासून’ येते. एक ‘पासून’ उभे राहण्याच्या जागेचे, दुसरे मोजणीच्या आरंभाचे. विद्यार्थी चुकतो तो नेमका येथे, आणि चूक आकृतीत दिसत असल्यामुळे ती आकृतीची समजली जाते. मराठीत हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची साधने आहेत. ‘भिवंडीहून पाहता पूर्णा गाव उत्तरेपासून इतक्या अंशांवर’ असे म्हटले की -हून उभे राहण्याच्या जागेकडे जाते, -पासून मोजणीच्या आरंभाकडे जाते, आणि वाक्याचा क्रमही आकृती काढण्याचा क्रम होतो : आधी जागा, मग उत्तररेषा, मग कोन. मराठीत निरीक्षकाचा बिंदू वाक्यात सहज आधी येतो. इंग्रजीत तो शेवटी येतो. ही अनुकूलता भाषांतरात गमवावी, ह्याला काही कारण नाही.

दिशा हा शब्दही जरा अधिक भार वाहतो. पूर्व ही दिशा. घड्याळाचे काटे फिरतात तीही दिशा. आणि ‘विरुद्ध दिशेने’ म्हटल्यावर १८० अंश वळावयाचे की उलटे फिरावयाचे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. परिभ्रमणासाठी सव्य-अपसव्य ही जोडी सुचेल. पण सव्यापसव्य म्हणजे निष्कारण खटाटोप हा अर्थ मराठीत इतका रूढ झाला आहे की गणितात तो शब्द आणणे म्हणजे टीकाकारांना आयते शस्त्र देणे होय. प्रदक्षिणक्रम हा शब्द अर्थाने अचूक आहे. परंतु भिवंडीसारख्या गावी वर्गातील कित्येक मुलांच्या घरी परिक्रमा म्हटल्यावर काबेभोवतीचा तवाफ डोळ्यांपुढे येतो, आणि तवाफ घड्याळाच्या उलट असतो. तेव्हा लांबलचक असला तरी घड्याळाचा काटाच बरा.

ह्या मुलांकडून वर्गाला मिळण्यासारखे एक उत्तम उदाहरण मात्र आहे. नमाजाची दिशा कोकणात सर्वसाधारणपणे पश्चिम म्हणून सांगितली जाते. गोलीय त्रिकोणमितीने काढल्यास मुंबई-भिवंडीच्या परिसरातून मक्केची दिशा उत्तरेपासून सुमारे २८० अंशांवर येते, म्हणजे पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेस. बोलीतील ‘पश्चिम’ आणि गणितातील २८० ह्यांमधील हे दहा अंश सामान्य बोलणे आणि दिगंश ह्यांतील फरक जितका स्पष्ट करतात तितका ५२ मीटरांवरचे जहाज करू शकणार नाही.

मंदिरांच्या भाषेतही असाच एक भेद पडून आहे. ‘दक्षिणेचा मारुती’ आणि ‘दक्षिणमुखी मारुती’ ह्यांत कोणीही मराठी माणूस गोंधळत नाही : पहिला गावाच्या दक्षिणेस आहे, दुसऱ्याचे तोंड दक्षिणेस आहे, आणि दक्षिणमुखी मारुती गावाच्या उत्तरेसही असू शकतो. नौकानयनात जहाजाचा रोख आणि जहाजाचे स्थान ह्यांतील भेद समजावून देण्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठीत -मुखी हे एक उत्तरपद ते काम करते.

स्टीव्हन लेव्हिन्सन ह्यांनी अवकाश व भाषा ह्यांवरील आपल्या २००३ च्या ग्रंथात संदर्भचौकटींचे तीन प्रकार मानले आहेत : वस्तूच्या स्वतःच्या पुढच्या-मागच्या बाजूंवर आधारलेली, पाहणाऱ्याच्या डाव्या-उजव्यावर आधारलेली, आणि स्थिर दिशांवर आधारलेली. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर भाषेचे बोलणारे घरातल्या वस्तूंचीही स्थाने उत्तर-दक्षिणेने सांगतात. मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषेत चढ आणि उतार हेच दिशांचे काम करतात. मराठी ह्या तिन्ही चौकटी वापरते. ‘गोदामाच्या पुढे’, ‘गोदामाच्या डावीकडे’, ‘गोदामाच्या पूर्वेस’ हे तीन प्रयोग एकाच पत्त्यात येऊ शकतात. खरेदीखतातील चतुःसीमा मात्र केवळ स्थिर दिशांत लिहिली जाते, कारण तेथे डावे-उजवे चालत नाही. तंटा झाला तर कोण कोठे उभे होते हे सिद्ध कोण करणार? त्सेल्तालमधील चढ-उतारही मराठीला परका नाही. कोकणात ‘वर’ म्हणजे घाटावर, देशावर, म्हणजे पूर्वेकडे. भूगोलाच्या भिंतीवरील नकाशात ‘वर’ म्हणजे उत्तर. आणि ‘तळकोकण’ हा शब्द पुन्हा नकाशाच्या बाजूने दक्षिणेला बोट दाखवतो. पूर्णा गावच्या मुलाला ‘वर’ म्हटल्यावर कोठे पाहावे हे ठरवण्यासाठी कोणत्या तासाची घंटा झाली हे आठवावे लागते.

शिष्यवृत्तीच्या कोड्याचा दोष ह्या विवेचनावरून स्पष्ट होतो. ‘उत्तरेकडे गेला, उजवीकडे वळला’ हे वाक्य स्थिर चौकटीत सुरू होते आणि चालणाऱ्याच्या शरीराच्या चौकटीत संपते. दोहोंमधील रूपांतर विद्यार्थ्याने मनात करावे अशी अपेक्षा असते आणि ते कसे करावे हे कोठेही शिकवलेले नसते. हेच कोडे अंशांत घातले तर? पूर्णा गावच्या एका गोदामातून निघालेला ट्रक ०६० ह्या दिगंशावर ४ किलोमीटर, नंतर १५० ह्या दिगंशावर ३ किलोमीटर गेला असे मानू. (तेथील रस्ते इतके सरळ नाहीत, पण गणितातील रस्ते कोठेच सरळ नसलेले पाहिलेले नाहीत.) १५० मधून ६० वजा जाता ९०, म्हणजे उजवीकडे काटकोनात वळण. अंतर ५ किलोमीटर. मूळ गोदामाहून ट्रकचा दिगंश ६० अधिक सुमारे ३७, म्हणजे ०९७. आणि ट्रकहून गोदामाचा, परतीचा, २७७. ‘उजवीकडे’ हा शब्द एकदाही न वापरता उजवे वळण ९० च्या बेरजेत आले. दुसरा दिगंश १५० ऐवजी ११० केला की काटकोन जातो, कोज्या-नियम लागतो, आणि कोडे बुद्धिमत्ता चाचणीतून उठून गणितात येते.

अंक उच्चारण्याचा प्रश्न येथे ओघाने येतो. जून २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातही मोठा गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ह्यांची भूमिका शैक्षणिक होती : मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, लिहिण्याचा क्रम उलटा, म्हणून लहान मुले अडखळतात. वादाचा निकाल काहीही मानला तरी तिने दाखवलेली अडचण खरी होती. ठाणे स्थानकाहून भिवंडी शहर उत्तरेपासून सुमारे ३७ अंशांवर आहे. ‘सदतीस’ म्हणताच सात आधी कानी पडतो. होकायंत्रावर वाचावयाचा तीन मागाहून. नाविकांची रीत तीनही अंक सुटे उच्चारण्याची आहे : शून्य-तीन-सात. तीत एकवीस आणि वीस एक हा वादच उद्भवत नाही, आणि भाषेच्या अस्मितेलाही धक्का पोचत नाही. संख्यावाचनावर इतकी चर्चा झाली. दिशावाचनावर तितकी राहो, नाममात्रही झाली नाही.

संज्ञा कोणती घ्यावी? ‘बेअरिंग’ तसेच ठेवावे असे म्हणणारे भेटतील. यंत्रमागांच्या आणि मालवाहू गाड्यांच्या भिवंडीत बेअरिंग म्हणजे आत गोळ्या असलेली पोलादी कडी, आणि ती खराब झाली की काय होते हे तेथील मुलाला शिक्षकाहून अधिक ठाऊक असते. त्या शब्दाला तेथे आणखी एक अर्थ चिकटवणे अनाठायी आहे. दिगंश हा शब्द तयार आहे, अर्थाने उघड आहे आणि ज्योतिषात रुळलेला आहे. तो ताऱ्यांसाठी राखीव आहे हा आक्षेप टिकत नाही, कारण राशी एकच आहे; क्षितिजावरचा बिंदू ताऱ्याखालचा असो वा दीपगृहाखालचा. कॅप्टन जॉर्ज जर्विस ह्यांनी १८२० नंतरच्या दशकात हटनच्या इंग्रजी गणिताच्या आधारे मराठी पुस्तके सिद्ध केली, तेव्हापासून शालेय गणिताची परिभाषा दोन्ही हातांनी संस्कृत ज्योतिषातून उचलत आली आहे. ज्या, कोज्या हे शब्द त्याच वाटेने आले. दिगंशाला वेगळा न्याय लावता येणार नाही.

राहता राहिली उत्तर. होकायंत्राची उत्तर आणि भूगोलाची उत्तर एक नव्हेत. परंतु मुंबईच्या परिसरात चुंबकीय विचलन एका अंशाहूनही कमी आहे. हे ज्या मापनांवरून सांगता येते त्यांची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेतून आली, आणि मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. शाळेच्या मैदानावर साध्या होकायंत्राने काढलेली उत्तर आणि दुपारी शंकूच्या सर्वांत आखूड छायेने काढलेली उत्तर ह्या परिसरात जवळजवळ एकमेकींवर पडतात. मैदानात लोखंडी कपाटे किंवा उभ्या मालमोटारी नसल्या म्हणजे झाले. आणि पूर्णा गावच्या आसपास ही अट पाळणे तितकेसे सोपे नाही.